सुनेचा आवाज आणायला

अवसरी बुद्रुक

आमच्या घरी फोन वाजला की तो मी उचलतो. असा काही नियम नाही, पण फोन बाहेरच्या खोलीत, माझ्या खाटेच्या उशाशी आहे. रिंग वाजली की हात आपोआप जातो. शिवाय मला बोलायला आवडतं. मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोण्या घेऊन मी उतरलो की ओळखीचे लोक रस्ता बदलतात, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. मंडळी म्हणजे माझी बायको, सुलाबाई. मी म्हणतो, बदलत असतील, पण त्या दुसऱ्या रस्त्यानं मी संध्याकाळी येतोच.

आमचा एकुलता एक संदीप डॉक्टरकी शिकायला दक्षिण रशियात गेला. तिथं त्याच्या वर्गात आम्रा नावाची मुलगी होती. ती रशियन नव्हती, अबखाझ होती. अबखाझिया कुठं आलं ते बघायला मी कळंबच्या शाळेतला भिंतीवरचा नकाशा उतरवायला लावला, पण त्यावर ते नाव नव्हतं. संदीपनं फोनवर सांगितलं, की काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्या चिंचोळ्या बेचक्यात तो प्रदेश आहे. जॉर्जिया म्हणतं तो आमचा, तिथले लोक म्हणतात आम्ही कुणाचेच नाही. नव्वदीच्या सुरुवातीला यावरून मोठी लढाई झाली, आणि अजून जगातले बहुतेक देश त्याला देश मानत नाहीत. मी म्हणालो, "न्हाई मानत तर न्हाई! आमच्या वाडीला पण ग्रामपंचायत कुठं मानती?" पुढचं तो काय बोलला ते मी ऐकलं नाही, कारण मी आमच्या वाडीबद्दल बोलत होतो.

मग लग्न झालं. आम्ही गेलो नाही, कारण व्हिसा आला नाही. फोटो मात्र आले. अंगणात लांबच लांब टेबलं, शेकडो माणसं, मोठमोठ्या कढया, आणि कोपऱ्यात पांढऱ्या ओढणीआड मान खाली घालून उभी असलेली नवरी. नवरदेव एकाही फोटोत नव्हता. आमच्या शेजारच्या बबननं सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, उलटे करूनसुद्धा पाहिले.

"तात्या, समदं झाक हाये. पण नवरदेव कुटं हाये राव?"

"फोटो काढत आसंल," मी म्हणालो.

पुढची अडचण त्याहून मोठी होती. सून फोनवर बोलेना. संदीप लग्नानंतर तिच्याच मुलखात राहिला होता आणि सीमेपलीकडच्या रशियन शहरात जाऊन फोन करायचा. कधी म्हणायचा, "आम्रा हितंच हाये, देतो." मी मोठ्यानं "बोल बाई, मी तात्या!" असं ओरडायचो, आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. वर्ष गेलं, दुसरं लागलं. एकदा बबन ओट्यावर बसून हलक्या आवाजात म्हणाला, "राग मानू नका तात्या, पण सून मुकी तर न्हाई ना?" हलक्या आवाजात बोललेलं आमच्या गावात सगळ्यात लांब जातं. आठवड्याभरात मंचरला मला लोक रस्ता न बदलता भेटू लागले आणि सुनेची विचारपूस करू लागले.

सुलाबाई रडली नाही. दिवाळीनंतर माझा व्हिसा आला तेव्हा तिनं साडी, हिरव्या बांगड्या, बेसनाचा डबा आणि मासवडीचं कोरडं सारण बांधून दिलं. सगळ्यावर आमचा जुना टेपरेकॉर्डर ठेवला, त्यात कोरी कॅसेट.

"मला तिथलं काय बी नको," ती म्हणाली. "तिचा आवाज तेवढा आना. मुकी आसंल तर तसं सांगा. पन खरं सांगा."

प्सोऊचा पूल

विमानाचं आणि मॉस्कोचं काही सांगत नाही. तिथं मला थंडी वाजली एवढंच घडलं. सीमेवर, जिथं संदीप मला घ्यायला आला होता, प्सोऊ नावाची नदी आहे. घोड नदीला पाणी असताना दिसते साधारण तेवढी. पुलावरून बाया हातगाड्या ढकलत रशियाकडं निघाल्या होत्या आणि प्रत्येक गाडीवर संत्र्यांचे डोंगर. संत्री म्हणजे आपली लहान, सैल सालीची. एका चढावर मी सवयीनं एका बाईच्या गाडीला मागून हात लावला. ती माझ्यावर एवढी ओरडली, की गाडी माझ्या बाजूला कलंडली आणि अबखाझियातलं माझं पहिलं काम रस्त्यावर बसून संत्री वेचणं हे झालं. गाडी ढकलली म्हणून ती चिडली नव्हती, हे संदीपनं नंतर सांगितलं. पाहुण्यानं, तेही पांढऱ्या केसांच्या, काम करावं ही तिला तिची बेअब्रू वाटली होती. शेवटी तिनंच माझ्या दोन्ही खिशांत संत्री कोंबली.

पुढं रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. मी संदीपला म्हणालो, "डोंगराचं कौतुक आमाला सांगू नको, आमी शिवनेरीखालचे." तेवढ्यात ढग बाजूला झाले आणि मागची बर्फाची रांग दिसली. गुदाउता गाव येईपर्यंत मी गप्प होतो. संदीपला वाटलं मला गाडी लागली.

मध्येमध्ये छप्पर नसलेली घरं दिसत होती. भिंती काळ्या, खिडक्यांतून अंजिराची झाडं वर आलेली. "लढाईतली," संदीप म्हणाला. "दोन्ही बाजूंची."

आस्तामुरचं अंगण

संदीपला तिथं घर नव्हतं, आणि त्या लोकांत लग्न नवऱ्याच्या घरी होतं. म्हणून गुदाउत्याच्या वर डोंगरातल्या एका गावातल्या आस्तामुर नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला मुलगा मानला, आपल्या अंगणात लग्न लावलं आणि घरात ठेवून घेतलं. म्हणजे मी बाप, आणि तोही बाप. उंच, कमरेत सरळ, डोक्यावर लोकरीची टोपी. हात छातीवर ठेवून तो म्हणाला, "ब्झिआला श्वाबेइत." म्हणजे 'भलं झालं, दिसलात'. त्यांच्या भाषेत स्वर जेमतेम दोन आणि व्यंजनं पन्नासच्या वर आहेत, असं संदीप म्हणतो. आमच्याकडं बाराखडी शिकताना पोरं रडतात, तिथं स्वरच नाहीत म्हटल्यावर रडायचं तरी कशात हा प्रश्न पडतो. ऐकताना कुणी सोड्याची बाटली उघडतंय, कुणी बैलाला हाकतंय, असं वाटतं. मी 'इताबूप', म्हणजे 'आभारी आहे', एवढं शिकलो आणि ते दिसेल त्याला म्हणत सुटलो. एकदा कुत्र्यालाही म्हणालो.

मी आत गेलो तशी बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली. म्हणून मी "बसा, बसा, घाई काय" म्हणालो. ती बसली. मला साखरेचा त्रास आहे, त्यामुळं थोड्या वेळानं बाहेर जावं लागलं. परत आलो तर पुन्हा सगळे उभे. वडीलधारा आत आला की उठायचं ही त्यांची रीत. त्या दिवशी मी त्या घराला एवढा व्यायाम दिला, की शेवटी लाजून मी बाहेर जाणंच बंद केलं आणि त्याची शिक्षा भोगली.

दुसरी चूक टोपीची. आमच्याकडं कुणाच्या घरी गेलं की एखाद्या वस्तूला चांगलं म्हणावं लागतं, नाहीतर माणूस घमेंडी दिसतो. मी आस्तामुरच्या टोपीला छान म्हणालो. त्यानं ती काढून माझ्या डोक्यावर ठेवली. काठीला छान म्हणालो, ती माझ्या हातात आली. पाहुण्याला आवडलेली वस्तू पाहुण्याची, ही तिथली रीत. अंगणात बांधलेल्या घोड्याकडं बघून मी तोंड उघडलं, तेव्हा संदीपनं माझा दंड असा आवळला की वळ उठला.

आणि आम्रा? ती दारातून आली. उंच, काळ्याभोर भुवया, डोक्याला रुमाल. मान झुकवली, माझ्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. आम्ही जेवत होतो तोवर ती उभीच. ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा होता, त्याला ते अबिस्ता म्हणतात. मीठ नाही, वरून चीज खोचलेलं. सोबत लाल मिरची, लसूण, कोथिंबीर आणि अक्रोड वाटून केलेला प्रकार, अजिका. मी जिभेवर ठेवला आणि ओरडलो, "आरं, हा तर ठेचा!" सुनेकडं वळून म्हणालो, "बाई, तू केला का? लई भारी!" ती खाली बघत राहिली. भुवईसुद्धा हलली नाही.

मुकीच आहे, मला वाटलं. सुलाबाईला काय सांगू?

सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या हसण्यानं. बाईचा आवाज, भरभर बोलणारा, मध्येच खळाळून हसणारा. मी आनंदानं टेपरेकॉर्डर काखोटीला मारून तिकडं धावलो. दारात मी दिसलो आणि आवाज कापल्यासारखा बंद झाला. आम्रा भिंतीकडं वळली. शेजारीण माझ्या डोक्यावरची आस्तामुरची टोपी आणि काखेतला टेपरेकॉर्डर बघत राहिली.

म्हणजे मुकी नव्हती. फक्त माझ्याशी बोलत नव्हती. हे जास्त लागलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून मी तिला बोलतं करायच्या मागं लागलो. संदीप दवाखान्यात गेला की मी अंगणात बसून मराठीत बोलत राहायचो, की ऐकून तरी तिचा जीव पाघळेल. आमच्याकडं उसात बिबट्या येतो, हे सांगितलं. आस्तामुरनं खुणेनं दाखवलं, की त्यांच्या मक्यात अस्वल येतं. त्यांची द्राक्षं मांडवावर नसतात, वेल थेट उंच झाडावर चढवलेला असतो आणि माणूस टोपली घेऊन शेंड्याला जातो. मी म्हणालो, आमच्या नारायणगावच्या बागाईतदारांनी हे बघितलं तर त्यांना झोप लागणार नाही. एवढ्यावर न थांबता वर चढायचा प्रयत्न केला. उतरवायला तिघं लागले. आम्रा खाली उभी होती. तिनं तोंडावर रुमाल धरला. हसत होती की रडत होती, ते वरून कळलं नाही.

समुद्राकाठी

रविवारी संदीपला सुट्टी होती. आस्तामुर आम्हाला समुद्रावर घेऊन गेला. खडे, मऊ ऊन, पाणी शांत. काठाच्या टपरीवर मासे तळत होते. मी आस्तामुरसाठी मागवायला निघालो तर संदीपनं थांबवलं.

"तात्या, ते मासं खात न्हाईत."

आस्तामुर बोलत गेला, संदीप सांगत गेला. झारच्या काळात या डोंगरातली माणसं गावंच्या गावं हाकलली गेली, जहाजांत कोंबून तुर्कस्तानला. वाटेत कितीतरी मेली आणि याच पाण्यात टाकली गेली. त्याच्या आजीच्या आईचं सगळं माहेर त्यात गेलं. तेव्हापासून त्यांच्या घरात या समुद्राचा मासा कुणी खाल्ला नाही.

मग त्यानं मलाच विचारलं, "तू सुनेवर रागावला आहेस का? तिला बोलायची परवानगी का देत नाहीस?"

मी संदीपकडं बघितलं. संदीप खड्यांकडं बघत होता.

"तात्या, मी फोनवर तीनदा सांगितलं तुमाला. हितं सून सासऱ्याम्होरं तोंड उघडत न्हाई. सासऱ्यानं मानसं बोलवायची, जेवान द्यायचं, तिला भेट द्यायची आन् म्हनायचं, बोल. तवा ती बोलती. तुमी दर टायमाला मधीच बटाट्याचा भाव सुरू करायचा."

फोटोत नवरदेव का नव्हता तेही तेव्हाच कळलं. आपल्याच लग्नात थोरांसमोर यायची त्याला लाज, म्हणून तो शेजारच्या घरात लपून बसलेला असतो. माझं पोरगं आपल्या लग्नात कुणाच्या तरी माळ्यावर सूर्यफुलाच्या बिया खात होतं.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. माझी आई माझ्या आजोबांसमोर कधी बोलली नाही. पदर पुढं ओढून दाराआडून बांगड्या वाजवायची, आणि आजोबांना कळायचं, जेवण तयार आहे. सुलाबाईनं माझं नाव एकदाच घेतलं, तेही उखाण्यात. असल्या घरातला माणूस मी, आणि परक्या मुलीला मुकी ठरवून बसलो.

"मग आस्तामुर दोन वर्सं का गप बसला?" मी विचारलं.

आस्तामुरनं टोपीसाठी डोक्याला हात लावला. टोपी माझ्या डोक्यावर होती. तो म्हणाला, "आम्राला बोल म्हणायचा पहिला मान तुझा. तू येईपर्यंत मी कसा घेऊ?"

मग तो हळू आवाजात बोलला, आणि संदीपही तेवढ्याच हळू. त्याला स्वतःचा मुलगा होता. सून आली होती. जेवण द्यायचं म्हणून यानं ठरवलं होतं, पण मका निघू दे, मग द्राक्षं निघू दे, असं लांबवलं. तेवढ्यात लढाई आली. मुलगा गेला. सून माहेरी गेली आणि तिथून तुर्कस्तानात, तिच्या जुन्या भाऊबंदांकडं.

"चांगली मुलगी होती," आस्तामुर म्हणाला. "तिचा आवाज कसा होता, मला माहीत नाही."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मासवडी

दुसऱ्याच दिवशी जेवण ठरलं. गाव येणार, बोकड कापणार, कढया चढणार. पण सासऱ्याच्या हातचं काही हवं म्हणून मी जाहीर केलं, मासवडी मीच करणार. मी आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात बायका बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरतात, फडक्यानं गुंडाळी करून माशाचा आकार देतात, आणि हे सगळं बेसन गरम असतानाच. मी हे चाळीस वर्षं पाटावर बसून बघितलं होतं आणि बघणं म्हणजे येणं असा माझा समज होता. पहिलं बेसन कढईला चिकटलं, दुसऱ्याचं पिठलं झालं. बोटं भाजली. तिसऱ्या वेळी आम्रा न बोलता पुढं आली, फडकं माझ्या हातातून घेतलं आणि मी जसं खुणेनं दाखवलं तशी गुंडाळी केली. अबिस्ता घोटणारे हात ते, त्यांना बेसन काय जड. मासवडी सुलाबाईच्या तोडीची झाली.

जेवणाला एक मुख्य माणूस असतो. तो एकेकाला प्याला घेऊन बोलायला सांगतो. जेवताना भाषण करायची सक्ती असलेला देश जगात आहे, हे मला साठीत कळलं. प्याल्यात द्राक्षाचा रस होता, सुलाबाई हे वाचणार आहे म्हणून रसच म्हणतो. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. शिवनेरीपासून सुरुवात केली, घोड नदी, आमचा बटाटा, बबनचा स्वभाव. बराच वेळ बोललो. संदीपनं भाषांतर एका वाक्यात उरकलं. मग मी मासवडीचं ताट उचलून मोठ्यानं म्हणालो, "आन् हा आमच्याकडचा मासा!"

संदीपनं भाषांतर केलं नाही, पण मी हातानं माशाची शेपटीसुद्धा हलवून दाखवली होती. टेबलावरचा आवाज खाली बसला. सगळे आस्तामुरकडं बघू लागले. मला काल समुद्रावर ऐकलेलं एकदम आठवलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आस्तामुरनं एक वडी उचलली, उलटसुलट बघितली. संदीप घाईघाईनं सांगत होता, हरभऱ्याचं पीठ आहे, तीळ आहेत. आस्तामुरनं ती तोंडात टाकली, सावकाश चावली.

"या माशानं माणूस खाल्लेला नाही," तो म्हणाला, आणि दुसरी घेतली.

मग तो उठला. सगळे उठले. भिंतीशी आम्रा उभी होती. मी साडी आणि बांगड्या तिच्या हातात दिल्या. आता मी बोलायचं होतं. रात्रभर मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"बोल, बाई," एवढंच म्हणालो.

ती आधी आस्तामुरकडं वळली. त्यांच्या भाषेत दोन-तीनच शब्द बोलली. काय ते मी कधी विचारलं नाही. आस्तामुरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याची टोपी माझ्या डोक्यावरून काढून त्याला दिली, कारण त्या वेळी त्याला ती हवी होती.

मग ती माझ्याकडं वळली, आणि स्वच्छ मराठीत, आमच्या अवसरीच्या मराठीत म्हणाली,

"तात्या, आता तरी फोन आईला द्या."

दोन वर्षं ती संदीपकडून मराठी शिकत होती, सासूशी बोलायला. सासूशी बोलायची तिला मनाई नव्हती. मनाई फक्त माझ्यासमोर होती, आणि फोनवर प्रत्येक वेळी मीच होतो.

पुन्हा अवसरी

सुलाबाई पाय दुमडून टेपरेकॉर्डरसमोर बसली. बबनही आला. मी मोठ्या दिमाखात बटण दाबलं. शिवनेरी आली, घोड नदी आली, बटाटा आला, बबनचा स्वभाव आला. बबन उठून गेला. मग शेपटीचा मासा आला, आणि त्याच्याच मध्यावर खट्ट झालं. कॅसेटची बाजू संपली होती. सगळी माझ्याच बोलण्यात संपली होती.

सुलाबाईनं दुसरी बाजू लावली. नुसती खरखर. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"बोलती ना पन?" तिनं विचारलं.

"बोलती. आपल्यासारखी बोलती."

तिनं मान हलवली, पण माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला कळलं नाही. बायकोनं आणायला सांगितलेली एकच वस्तू मी विसरून आलो होतो.

रविवारी मी खाटेवर पडलो होतो. फोन वाजला. हात सवयीनं गेला, रिसीव्हरला लागला, आणि मी तो मागं घेतला. रिंग वाजत होती. मी उठून उभा राहिलो आणि हाक मारली, "आगं, फोन! तुला हाये!"

सुलाबाई पिठाच्या हातानं आली. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच तो उचलला असेल, उलटा धरला होता. मी सरळ करून दिला. ती "हॅलो" म्हणाली आणि मग एकदम गप्प झाली. तिच्या चेहऱ्याचं वर्णन कसं करू, मला येत नाही. मी तोंड उघडलं, "काय म्हन्ती?" तिनं पिठाचा हात वर करून मला गप्प बसवलं आणि माझ्या खाटेवर, माझ्या जागेवर, बसली.

मी ओट्यावर आलो. आतून दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, निदान एकीच्या ऐकू येत होत्या. बराच वेळ. समोरून बबन आला.

"काय तात्या, बाहेर का? सून बोलती का न्हाई शेवटी?"

"बोलती की," मी म्हणालो. "आता मुका मीच हाये."